मदत हवी आहे: पॉइंटर कुत्रा तितरामागे सुटतो, थांबवू कसा?

मंडळी, दिंडोरीजवळ आमची द्राक्षबाग आहे. बंड्या, आमचा पॉइंटर (पक्षी हुडकून दाखवणारी शिकारी कुत्र्याची जात), आता आठ महिन्यांचा झालाय. शिकार करायची नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती बंदच आहे आणि मला हौसही नाही. पण रक्तातलं जातं कुठे! बांधावरच्या घाणेरीत तितर असला की हा दगड होतो. पुढचा एक पाय वर, शेपटी काठीसारखी ताठ, नाकपुड्या तेवढ्या थरथरतात. बघत राहावं असं. मग तितर फुर्रकन उडाला की साहेब थेट रस्त्यावर. परवा ट्रॅक्टरखाली येता येता वाचला.

तीस फुटी दोरी लावून पाहिली, ती मांडवाच्या खांबांत गुंतते. काठीला कबुतराचं पीस बांधून "थांब" शिकवलंय. अंगणात ऐकतो, शेतात बहिरा. एकानं पिंजऱ्यातला तितर आणून सराव द्या म्हणून सांगितलं. तो ठेवणंही गुन्हाच, ते नको.

पक्षी उडाल्यावरही जागेवर उभं राहायला कसं शिकवायचं? ओरडलो तर पॉइंट करणंच, म्हणजे असं दगड होऊन पक्षी दाखवणंच, सोडेल का? आणि विणीच्या दिवसांत बांधाकडे न्यायचंच नाही असं ठरवलंय, तेवढ्यात शिकलेलं विसरेल का? शॉकचा पट्टा कृपया सुचवू नका, घरात आईच आधी मला तो बांधेल.