शैवाक, दगडफूल, कवक, बुरशी : तक्त्यावर काय लिहायचं?

मंगळवारपेठी :
उन्हाळ्याची चटणी कुटायला द्यायची म्हणून आईनं परातीत सामान काढून ठेवलं होतं. (कोल्हापूरबाहेरच्यांसाठी : चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, वर्षाचा.) सुट्टीला आलेल्या भाचीनं त्यातलं दगडफूल उचललं आणि म्हणाली, "मामा, हे माझ्या पुस्तकात आहे. शैवाक." आई म्हणाली, "शैव-वैष्णव काही नाही. दगडफूल हाय ते, ठेव खाली."

इथपर्यंत ठीक होतं. पण भाचीला शाळेच्या प्रदर्शनासाठी तक्ता करायचा आहे. हाताशी असलेली सगळी माहिती इंग्रजीत, आणि विषय असा की लायकेन (म्हणजेच शैवाक) तयार करणाऱ्या फंगसचं वर्गीकरण. मथळा मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी ऐटीत लिहिलं, 'दगडफुलाच्या बुरशीचे वर्गीकरण'. ते वाचून आईनं दगडफुलाचा डबा गच्चीवर उन्हात नेऊन ठेवला. बुरशी आली असं वाटलं तिला.

तर मंडळी, शैवाक हा शब्द आला कुठून, फंगसला बुरशी म्हणायचं की कवक, आणि मथळा काय करायचा?

चटणीवाल्या मावशी :
आईंचं बरोबर आहे. बुरशी म्हटलं की माल गेला. दगडफूल कोरडं, हलकं, वरून करडं आणि खालून काळं असतं. घेतल्यावर आधी वेचून घ्यायचं, त्यात झाडाच्या सालीचे तुकडे फार निघतात. मग जरा तेलावर परतायचं. नुसतं हुंगलं तर फारसा वास नसतो, तेलात पडलं की बोलायला लागतं. शास्त्राचं मला विचारू नका.

गडहिंग्लजकर :
मावशींनी जाता जाता मोठी गोष्ट सांगितली. सालीचे तुकडे निघतात, म्हणजे बाजारात येणारं दगडफूल बरंचसं झाडावरून खरवडलेलं असतं. दगडावरही उगवतं, पण झाडाची साल त्याला जास्त मानवते. तरी नाव दगडाचंच.

हे नाव एकट्या मराठीचं नाही. आमच्याकडं निम्मा बाजार कानडीत चालतो, तिथं म्हणतात कल्लूहूव. कल्लू म्हणजे दगड, हूव म्हणजे फूल. तेलुगूत राति पुव्वु, अर्थ तोच. संस्कृतात शिलापुष्प आणि शैलेय. तमिळ मात्र वेगळी वाट धरते : कल्पासी. कल् म्हणजे दगड आणि पासी म्हणजे शेवाळ. म्हणजे आपल्याला आणि शेजाऱ्यांना त्यात फूल दिसलं, तमिळांना शेवाळ दिसलं. बुरशी कुणालाच दिसली नाही. त्यात कुणाची चूक नाही म्हणा, साध्या डोळ्यांना ते बुरशीसारखं दिसतच नाही.

मास्तर :
(निवृत्त. वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या.)

शैवाक हा पारिभाषिक शब्द आहे, घडवलेला. फोडून पाहा : डोकं शैवलाचं, शेपूट कवकाचं. शैव(ल) + (कव)क. शंकराशी त्याचा संबंध नाही, हे आजींना सांगा. शैवल म्हणजे आपलं शेवाळच, पण शास्त्रानं जरा इस्त्री करून घेतलेलं. बोलताना आपण रंकाळ्यातल्या हिरव्या तवंगालाही शेवाळ म्हणतो आणि पावसाळ्यात कौलावर वाढणाऱ्या मखमलीलाही. ती मखमल शैवल नसते, हरिता (इंग्रजीत मॉस) असते. म्हणून शैवल वेगळं काढावं लागलं.

या शब्दात एक इतिहास दडला आहे. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ साली सगळी शैवाकं 'लायकेन' नावाच्या एकाच प्रजातीत कोंबली आणि ती प्रजाती शैवलांच्या रांगेत बसवली. त्याचाच शिष्य आखारिउस यानं पुढं १८०३ आणि १८१० च्या ग्रंथांत तो गठ्ठा सोडून नीट वाटण्या केल्या. लायकेनच्या अभ्यासाचा जनक त्यालाच म्हणतात. पण तोवर ही एकसंध वनस्पती आहे असंच सगळे धरून चालले होते. १८६७ मध्ये श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानं सांगितलं की हा एक जीव नाही, कवक आणि शैवल यांचा एकत्र संसार आहे. त्यानं कवकाला मालक आणि शैवलांना गुलाम म्हटलं होतं. त्या काळचे बडे लायकेनतज्ज्ञ यावर भयंकर चिडले. आपण आयुष्यभर ज्याचा अभ्यास केला तो जीवच नाही म्हटल्यावर कोण चिडणार नाही? शेवटी श्वेंडेनर बरोबर ठरला. ज्यानं कुणी मराठीत दोन शब्द कापून 'शैवाक' शिवला, त्यानं श्वेंडेनरचा सिद्धांत तीन अक्षरांत बसवला. मला हा शब्द फार आवडतो.

अडचण पुढं आहे. शब्द अर्धा-अर्धा, पण वर्गीकरण अर्धं-अर्धं नाही. वनस्पती-कवकांच्या नामकरणाचा आंतरराष्ट्रीय नियम असा की लायकेनला दिलेलं शास्त्रीय नाव हे त्यातल्या कवकाचं नाव मानायचं. आपल्या मसाल्यातलं मुख्य दगडफूल म्हणजे पार्मोट्रेमा पर्लाटम. हे नाव त्या करड्या पापुद्र्याचं वाटतं, पण कागदोपत्री ते फक्त कवकाचं आहे.

मंगळवारपेठी :
म्हणजे लग्नानंतर सगळ्या घराला नवऱ्याचं आडनाव, तसं?

शाहूपुरीची वहिनी :
भावजी, तसं नाही. इथं बायकोचं माहेरचं नाव कायम राहतं. दगडफुलातल्या शैवलाला ट्रेबूक्सिया म्हणतात, लग्नाआधीही आणि नंतरही. त्याचं वर्गीकरण हिरव्या शैवलांत, वेगळ्या वहीत. फक्त दारावरची पाटी नवऱ्याची. आमच्या घरी याच्या उलट आहे, पण तो विषय वेगळा.

बुरशी-कवकाबद्दल माझं मत : बुरशी हा खराब होण्याचा शब्द आहे. भाकरीला येते, लोणच्याला येते, पावसाळ्यात चपलेला येते. ती 'येते', कुणी असत नाही. अळंबीला कुणी बुरशी म्हणतं का? पावसाळ्यात आंबा घाटातून आलेली अळंबी बुरशी म्हणून विकायला बसा, मग बघा. आणि अनेकवचन करायला गेलं की जीभ अडते : बुरशा, बुरश्या? त्यापेक्षा कवक, कवके. अख्ख्या सृष्टीला नाव द्यायचं तर हाच शब्द.

तो जुनाही आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची यादी आहे, त्यात एकाच श्लोकात लसूण, कांदा आणि कवक येतात. तिथं कवक म्हणजे अळंबी. आता आपली चटणी बघा : कांदा आहे, लसूण आहे, आणि मास्तरांच्या हिशेबानं दगडफूल म्हणजे कवक. तिन्ही एका डब्यात, वर पसाभर ब्याडगी.

चटणीवाल्या मावशी :
नुसती ब्याडगी नको, रंग येईल पण झणका नाही. संकेश्वरी घाला बरोबर.

मास्तर :
वहिनींचं मान्य, मावशींचंही. आता मथळ्याकडं येतो. 'शैवाकांचे वर्गीकरण' असं लिहिलं तर आटोपशीर होईल, पण वाचणाऱ्याला वाटेल की शैवाक हा एक गट आहे, जसे पक्षी किंवा विंचू. तसं नाही. शैवाक होणं हा धंदा आहे, कूळ नाही.

कोल्हापुरात हे समजावणं सोपं आहे. पैलवान हे आडनाव नाही. गंगावेशीच्या नाहीतर मोतीबागेच्या तालमीत जाऊन बघा, कुठल्या कुठल्या घरची पोरं एका हौद्यात उतरतात. अंगाला तीच माती, तोच लंगोट, तेच कान. म्हणून ती सगळी भावकी होत नाही. कवकांचंही तसंच. एकमेकांशी लांबचं नातं असलेल्या घराण्यांनी आपापल्या वेळी शैवल पाळायला सुरुवात केली. काहींनी पुढं तो धंदा सोडलाही. बहुतेक सगळी एका मोठ्या विभागातली, ॲस्कोमायकोटा. ग्रीकमध्ये ॲस्कॉस म्हणजे कातडी पिशवी, आपल्या भाषेत पखाल. या कवकांचे बीजाणू तशा बारक्या पिशवीत तयार होतात, बहुधा आठ-आठ. मला कुणी विचारलं असतं तर मी मराठीत 'पखालकवके' केलं असतं. कुणी विचारलं नाही. थोडीशी शैवाकं छत्रीवाल्या अळंब्यांच्या विभागातही आहेत.

पूर्वी वर्गीकरण रूपावरून व्हायचं : दगडाला रंग फासल्यासारखी चिकटलेली, पानासारखी पसरट आणि झुडपासारखी लोंबणारी. पन्हाळ्याच्या तटाच्या चिऱ्यांवर पांढरट-करडे डाग दिसतात ना, चुना सांडल्यासारखे, त्यांतले पुष्कळ पहिल्या प्रकारचे. दगडफूल दुसऱ्या. हे तीन शब्द फिरताना अजून कामाचे आहेत, पण नातं त्यावरून ठरत नाही. एकाच कुळात पसरटही निघतात आणि लोंबणारीही. आता नातं डीएनएवरून ठरतं.

गडहिंग्लजकर :
मास्तर, तुम्ही लिनीअसच्या वेळी 'एकाच प्रजातीत' म्हणालात. पेपरात तर 'पक्ष्याची नवी प्रजाती सापडली' असं येतं. मग एका प्रजातीत सगळं कसं मावेल?

मास्तर :
वा! खरी शब्दचर्चा ही. मराठी परिभाषेत क्रम असा : विभाग, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे प्रजाती मोठी आणि जाती तिच्या पोटात. पार्मोट्रेमा ही प्रजाती, पर्लाटम हे त्यातल्या एका जातीचं नाव. हिंदीत मोठ्या गटाला वंश म्हणतात आणि प्रजाति हा शब्द आपल्या जातीच्या जागी वापरतात. हिंदी बातम्यांवरून तो अर्थ आपल्या पेपरांत शिरला. शिवाय 'जात' लिहायला संपादकांचा हात कचरत असावा. कारण काहीही असो, तक्त्यावर हा घोळ झाला तर आकडे उलटे वाचले जातील. २०१६ च्या एका जागतिक वर्गीकरणात शैवाक घडवणाऱ्या कवकांच्या ९९५ प्रजाती आणि १९,३८७ जाती मोजल्या आहेत. पेपरातल्या अर्थानं वाचणाऱ्याला त्या ९९५ म्हणजेच सगळं वाटेल. तेव्हा मुलीनं दोन्ही शब्द लिहावेत आणि खाली दगडफुलाचा पूर्ण पत्ता द्यावा :

विभाग ॲस्कोमायकोटा, वर्ग लेकॅनोरोमायसीटिस, गण लेकॅनोरेलीज, कुल पार्मेलिएसी, प्रजाती पार्मोट्रेमा, जाती पार्मोट्रेमा पर्लाटम.

हा पत्ताही कायमचा नाही. हडसन या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं १७६२ मध्ये त्याला लायकेन पर्लाटस म्हटलं, आखारिउसनं ते पार्मेलियात नेलं, आणि आता ते पार्मोट्रेमात राहतं. जुन्या आयुर्वेदिक पुस्तकांत पार्मेलिया पर्लाटा असं सापडेल, घाबरू नये, माणूस तोच आहे, घर बदललं. मात्र बाजारातल्या पुडीत पर्लाटम एकटं नसतं. त्याचे चुलत-मावस भाऊही मिसळलेले असतात. व्यापाऱ्याच्या लेखी ते सगळं दगडफूल.

शाहूपुरीची वहिनी :
म्हणजे दगडफूल हा बाजाराचा शब्द, शैवाक राहणीचा आणि पार्मोट्रेमा नात्याचा. एकाच्या जागी दुसरा ठेवला की आई डबा उन्हात ठेवणार.

मंगळवारपेठी :
मथळ्यासाठी 'शैवाकजनक कवके' कसं वाटतं?

गडहिंग्लजकर :
रोगजनक आठवतं भावा. प्रदर्शनात लोक तोंडाला रुमाल लावून फिरतील.

मास्तर :
'शैवाककारी'ही नको, तहसील कचेरीतली नोटीस वाटते. क्रियापद मोकळं सोडा : 'शैवाक घडवणारी कवके'. बनवणारी म्हटलं तर कोल्हापुरात फसवणारी असाही अर्थ होतो. घडवणारी बरं.

जाता जाता : २०१६ मध्येच काही शैवाकांच्या वरच्या सालीत तिसरा भिडू सापडला, यीस्टच्या रूपातलं आणखी एक कवक, तेही अळंब्यांच्या विभागातलं. म्हणजे संसारात आता दीरही आला. शैवाक शब्दात त्याच्यासाठी जागा नाही, आणि मी तरी ती करायला जाणार नाही.

मंगळवारपेठी :
ठरलं. मथळा 'शैवाक घडवणारी कवके : वर्गीकरण', खाली दगडफुलाचा पत्ता, त्याखाली मराठी, कानडी, तेलुगू, तमिळ, संस्कृत नावं. आईकडून मूठभर दगडफूल मागितलं, तिनं चार पाकळ्या मोजून दिल्या. आता शेवटचं विचारतो : तक्त्यावर चिकटवताना काळी बाजू वर ठेवायची की करडी? भाची म्हणते काळी उठून दिसते.

मास्तर :
करडी वर. शैवल त्याच बाजूला, सालीच्या लगेच आत असतं, त्याला ऊन लागतं. काळी बाजू झाडाकडची. आणि डिंक अगदी थोडा लावा, नाहीतर पावसाळ्यात तक्त्यावर खरंच बुरशी येईल.