मदत हवी आहे: घरातलं फवारणीचं औषध आबांपासून लांब न्यायचंय, कसं करू?

सीनाकाठची लेक
नमस्कार, इथं पहिल्यांदाच लिहितेय. माझं माहेर परंडा तालुक्यात, सीनेच्या काठाला, अन् सासर लातूरला. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमचं अडीच एकर रान खरडून गेलं, खाली नुसता मुरूम राहिला, सोयाबीन तर गेलंच पण दावणीची गाय पण गेली. तेव्हा आबा रडले नाहीत, उलट आम्हालाच धीर देत होते. आता सगळं निवळलं म्हणावं तर त्यांचंच बिनसलंय. रात्री दोनला उठून ओसरीत बसतात, भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवतात, पारावर जाणं बंद केलंय, नातवाचा फोन आला तरी "बरंय बरंय" म्हणून आईकडं देतात.

मागच्या रविवारी मी गेले तर त्यांनी मला त्यांची वही दिली. ती वही आम्हाला लहानपणी हात लावू द्यायचे नाहीत. त्यात सगळी देणी नव्यानं लिहून काढलेली, सोसायटीचं कर्ज, आईचं डोरलं कुठल्या सोनाराकडं ठेवलंय ते, अन् शेवटच्या पानावर न्हाव्याची दोन पायली ज्वारी द्यायची राहिलीय हे पण. म्हणाले, "तुझ्याकडं राहू दे, तुझ्या भावाला यातलं काय कळत नाही." मी वही पिशवीत घातली अन् एसटीत बसल्यावर हातपाय गार पडले माझे.

घरात हरभऱ्याच्या घाटेअळीसाठी आणलेलं औषध आहे, मागच्या सोयाबीनचं उरलेलं पण आहे, अशा तीन बाटल्या आतल्या खोलीत देवळीत, शेजारी आईच्या बीपीच्या गोळ्या. आमच्याकडं त्याला कुणी विष म्हणत नाही, औषधच म्हणतात, अन् अमक्यानं औषध घेतलं म्हणलं की पुढचं कुणी विचारत नाही. मला ते घरातून काढायचंय. भाऊ म्हणतो आबांना कळलं तर अपमान वाटेल, चाळीस वर्षं शेती केलेल्या माणसाच्या हातातनं औषध काढून घ्यायचं का. आई म्हणते असलं अभद्र तोंडातून काढूच नको. त्यांच्या नकळत हलवू का? कुणी केलंय का असं?

आशाताई, कळंब
ताई, सगळ्यात आधी आबांना एकटं सोडू नका, भावाला आजच्या आज सांगा की रात्री ओसरीतच झोप. वही देणं, हिशोब उरकणं ही साधी गोष्ट नाहीये. दुसरं, त्यांना सरळ विचारा, "आबा, जीव नकोसा वाटतोय का, मरणाचे विचार येतात का?" विचारल्यानं डोक्यात नसलेलं येतं ही लोकांची समजूत चुकीची आहे, मी कितीतरी घरात विचारलंय, माणूस बहुतेक वेळा हुश्श करतो, कुणीतरी विचारलं म्हणून. आधी आईलाच हे समजावून सांगा.
१४४१६ ला फोन लावा, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास असतंय, फुकट आहे, मराठीत बोलतात. आबा नसले बोलत तर तुम्हीच लावा, घरच्यांनी काय करायचं ते पण सांगतात. अन् गावातल्या आशा वर्करला गाठा, मी पण आशाच आहे. २०१५ पासून शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखायला सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे ना आपल्या जिल्ह्यांत, अशी घरं शोधून दवाखान्यापर्यंत पोचवायचं काम आमच्याकडंच आहे, तिला काही नवीन वाटणार नाही.

गावकरी माणूस
सप्ताहाला बसवा, माळ घालू द्या, मन रमेल. औषधाबिषधाचं एवढं मनावर घेऊ नका.

आशाताई, कळंब
सप्ताहाला जरूर जाऊ द्या दादा, चार माणसात बसलेलं चांगलंच. पण औषध आज हलवायचं, सप्ताह नंतर.

औश्याचा शेतकरी
मी आबांच्या जागी होतो म्हणून लिहितोय, कधी कुठं लिहिलं नाही हे. एका वर्षी पीक गेलं, वर एका सावकाराचा माणूस दारात येऊन पोरांसमोर बोलून गेला. मी कुणाला काही बोललो नव्हतो पण बायकोच्या ध्यानात आलं. तिनं दिवसाढवळ्या, माझ्यासमोर, औषधाची पेटी उचलली अन् माझ्या भावाच्या घरी नेऊन ठेवली. म्हणाली, "फवारायचं असलं की दोघं मिळून आणू, सध्या घरात नको, मला भ्या वाटतंय." मला लई राग आला, दोन दिवस बोललो नाही. पण ताई खरं सांगतो, त्यातल्या एका रात्री मी उठून त्या कोपऱ्यात गेलो होतो अन् तिथं काही नव्हतं. तिथंच बसलो पहाटेपर्यंत, मग बायको उठली अन् चहा ठेवला.
म्हणून नकळत करू नका. चोरून नेलं तर माणसाला वाटतं आपल्यावर इश्वास नाही, समोर नेलं तर कळतं आपली कुणाला तरी गरज आहे. अन् घरातच कुलपात ठेवून भागत नाही, किल्ली पण त्याच घरात असते. दुसऱ्याच्या घरी न्या. कृषी केंद्रवाल्याला सांगून ठेवा की आबा एकटे आले तर औषध देऊ नका, भावाला फोन करा. आमच्या दुकानदारानं ऐकलं होतं.

डॉक्टर, उपजिल्हा रुग्णालय
वरच्या दादांनी जे लिहिलंय तेच आम्ही सांगतो. तो विचार बऱ्याचदा थोड्या वेळासाठी खूप तीव्र होतो, तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेत सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली तशा तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या, माणसं दुसरा मार्ग शोधतातच असं नाही. आईच्या गोळ्या पण आईच्या नाहीतर सुनेच्या ताब्यात द्या.
मानसोपचार तज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात भेटतील. गोळ्या सुरू केल्या तर गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर सोबत हवीच, अन् बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. देव न करो पण काही झालंच तर उलटी करायला लावू नका, मिठाचं पाणी पाजू नका, १०८ बोलवा अन् बाटली सोबत आणा, लेबल बघून उपचार ठरतो. पोलिसांच्या भीतीनं लपवायचं नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला शिक्षा नाही, उपचाराचा हक्क आहे.

सीनाकाठची लेक
सगळ्यांचे लई आभार. त्याच रात्री भावाला उठवलं, सकाळी मी पण पोचले. आबांसमोरच बाटल्या गोणीत घातल्या, म्हणलं, "आबा, मला झोप लागत नाही, हे काकाच्या घरी ठेवते." ते काही बोलले नाहीत, बाहेर जाऊन बसले. मी शेजारी बसले अन् आशाताईंनी सांगितलं तसं सरळ विचारलं. बराच वेळ मुरमाकडं बघत होते. मग म्हणाले, "येतंय मनात." आई दारात उभी होती, ती येऊन खाली बसली. १४४१६ ला लावला, आधी मी बोलले, मग त्यांनी पाच मिनिटं घेतला, फोन हातात धरून नुसतं हं हं करत होते, पण ठेवला नाही.
काल भावाच्या फोनवरून मला म्हणाले, वही पाठव, न्हाव्याची ज्वारी दिली, तेवढं खोडायचंय.
आता सोमवारी धाराशिवला जिल्हा रुग्णालयात नेतोय. आधार कार्डाशिवाय अजून काही कागद लागतात का, अन् केसपेपर किती वाजेपर्यंत काढून मिळतो, कुणाला माहीत असलं तर सांगा. परंड्याहून पहाटेची एसटी धरावी लागेल.