मदत हवी आहे: धावत्या गाडीतून फेकलेल्या चेंडूत जास्तीची ऊर्जा येते कुठून?

नमस्कार मंडळी,

सापेक्ष वेगाची नेहमीची गणितं जमतात, त्यामुळे 'गाडीत वर उडवलेला चेंडू हातातच का पडतो' इथून सुरुवात नको. घोडं अडलंय ते ऊर्जेच्या हिशेबापाशी.

समजा, गाडी सरळ रुळावर ताशी ७२ किमी, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने चाललीय. उघड्या डब्यात उभं राहून मी १०० ग्रॅमचा चेंडू गाडीच्याच दिशेने फेकला, माझ्या दृष्टीने २० मी/से वेगाने. हवेचा विरोध सध्या सोडून देऊ. माझ्या लेखी चेंडू आधी स्थिर होता, आता त्याची गतिज ऊर्जा २० ज्यूल. ती माझ्या हाताने दिली, हे पटतं.

आता रुळाच्या कडेला उभा असलेला माणूस घ्या. त्याच्या लेखी चेंडूचा वेग आधीच २० मी/से, म्हणजे ऊर्जा २० ज्यूल. फेकल्यावर वेग ४०, ऊर्जा ८०. वाढ ६० ज्यूलची! हात तोच, जोर तोच, मग वरचे ४० ज्यूल दिले कुणी?

मागे फेकला तर आणखी गंमत. २० वजा २० शून्य, त्यामुळे कडेच्या माणसाला चेंडू सरळ खाली पडताना दिसतो. हात जमिनीपासून सव्वा मीटरवर असेल तर पडायला अर्धा सेकंद, तेवढ्यात गाडी १० मीटर पुढे. इथवर ठीक. पण मी २० ज्यूल खर्चले आणि चेंडूकडे होते ते २० सुद्धा गेले. ४० ज्यूल गायब?

'ऊर्जा सापेक्ष असते' असं एका मित्राने सांगून टाकलं. असेल, पण ज्याच्या त्याच्या वहीत जमाखर्च तरी जुळायला हवा ना?

प्रतिसाद १

तुमच्या वहीत गाडीचं खातंच नाही. चेंडू पुढे ढकलताना तुमचे पाय डब्याची फरशी मागे रेटतात. चेंडूचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) ०.१ × २० = २ किग्रॅ-मी/से ने वाढला, तेवढाच गाडीचा घटला. जमिनीवरून पाहता गाडी २० मी/से ने पुढे चाललीय आणि बल मागे लागतंय, म्हणजे तिची ऊर्जा २ × २० = ४० ज्यूलने कमी झाली. तुमचे २०, गाडीचे ४०, झाले ६०. मागे फेकताना पाय गाडीला पुढे रेटतात, त्यामुळे 'गायब' झालेले ४० ज्यूल गाडीकडे जमा.

गाडी ५० टनांची धरली तर तिचा वेग बदलतो सेकंदाला जेमतेम ०.०४ मिलिमीटरने. पण गाडीच्या ५० टनांशी आणि आधीच्या २० मी/से शी गुणला की एवढ्याशा बदलाचेही ४० ज्यूल होतात. डब्यातून पाहिलं तर गाडी आधी स्थिरच, म्हणून तिच्या वाट्याला जवळपास शून्य. तुमचा हिशेब डब्यात बिनबोभाट सुटतो तो यामुळे.

प्रतिसाद २

वरचं उत्तर बरोबर आहे, पण हवा इतक्या सहज सोडू नका. विरोध ठरतो तो हवेच्या तुलनेतल्या वेगावर, साधारण त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. वारा नसेल तर पुढे फेकलेल्या चेंडूसमोर ४० मी/से ची हवा येते, म्हणजे उभ्या गाडीतून फेकला असता त्याच्या चौपट विरोध. मागे फेकलेल्याला हातातून सुटताना विरोध जवळपास नाहीच! गासेंदी या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४० मध्ये चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड टाकले तेव्हा ते बुंध्याशीच पडले, कारण दगड जड आणि जहाजाचा वेग बेताचा. तिथे हवेची लुडबुड नगण्य होती.

(आणि हो, हे कागदावरच करा. खऱ्या गाडीतून काही फेकू नका.)

धागाकर्ता

गाडीचं खातं उघडल्यावर जुळलं! आता चेंडू गाडीला काटकोनात, आडवा फेकला तर?

प्रतिसाद १

जमिनीवरून वेग २० चा नाही, ४० चाही नाही, सुमारे २८.३ मी/से, दिशा ४५ अंशांत पुढे. ऊर्जा ४० ज्यूल, वाढ फक्त २०, म्हणजे तुमच्या हाताची तेवढीच. गाडीवरचं बल तिच्या गतीला काटकोनात असल्याने ती काही देत नाही, घेतही नाही.