१६ डिसेंबर आणि २६ जुलै, दोन वेगळे विजय दिवस का?

अमळनेर: आमचे नाना १६ डिसेंबरला शर्टाला पदकं लावून सकाळपासून ओट्यावर बसतात. पोरगं विचारतं, शाळेत जुलैत झालं ना, मग परत काय? मला सांगता येईना.

पहिलं उत्तर: भाऊ, जुलैचा दिवस कारगिलचा, १९९९. डिसेंबरचा १९७१ चा. ढाक्यात पाकिस्तानी सेनानी नियाझींनी शरणागतीवर सही केली, सुमारे ९३,००० युद्धकैदी.

दुसरं: ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन विसरता सगळे! १९४९ पासून चालू आहे. ध्वजाचे रंग लाल, गडद निळा, फिकट निळा: भूदल, नौदल, हवाई दल. ध्वज घेताना दिलेले पैसे माजी सैनिक, वीरपत्नींसाठी असतात. (आम्ही सुट्टे शोधतो.)

अमळनेर: नानांना वाचून दाखवलं. "बराबर शे," म्हणाले, आणि एक पदक पोराच्या हातात दिलं.