शिक्षकांना घरचा खाऊ द्यावा की देऊ नये?

मृण्मयी, नाशिक

मुलीच्या वर्गाच्या पालक ग्रुपवर शिक्षक दिनाची वर्गणी सुरू झाली आहे. माणशी 300 रुपये, आणि त्यातून बाईंना मिक्सर घ्यायचा की गिफ्ट व्हाउचर यावर मतदान. मी तिथे लिहिलं की ही वर्गणी बंद करूया. ज्यांना द्यायचं आहे त्यांनी घरी केलेला मूठभर खाऊ द्यावा, आणि त्याला मुलाचा हात लागलेला असावा. त्यावरून ग्रुपवर खडाजंगी चालू आहे, म्हणून इथे मांडते.

वर्गणीच्या भेटीत मूल कुठेच नसतं. पैसे बाबांच्या फोनवरून जातात, वस्तू दुसऱ्याच कुणाची तरी आई आणते, मुलं फक्त फोटोपुरती उभी राहतात. बेसनाचे लाडू घ्या. तूप सुटून खमंग वास येईपर्यंत भाजणं आपलं काम, पण पीठ निवल्यावर पिठीसाखर आणि वेलची मळून लाडू वळणं आठ वर्षांच्या मुलाला सहज जमतं. माझी मुलगी वळते तेव्हा एक लाडू लिंबाएवढा होतो आणि दुसरा सुपारीएवढा. तेच मला द्यायचं आहे. आपण कुणासाठी तरी तासभर बसलो हे तिला कळतं. आभार मानायला आणखी काय लागतं?

ग्रुपवर मला विरोध करणारेच जास्त आहेत. तुमचं मत सांगा.

फळा आणि डस्टर, ठाणे

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. मनापासून सांगते, घरचा खाऊ नको.

5 सप्टेंबरला स्टाफरूममध्ये काय होतं ते सांगते. मी पाच वर्गांना शिकवते, एकेका वर्गात पन्नासच्या वर मुलं. दहा जणांनी जरी डबी आणली तरी दुपारपर्यंत टेबलावर लाडू, वड्या, केक, चिवडा यांची रास लागते. आमच्यातल्या निम्म्या जणींना साखर किंवा बीपी आहे. एक सहकारी जैन आहेत, चातुर्मासात त्यांचं पथ्य कडक असतं. कुठल्या केकमध्ये अंडं आहे ते कळायला मार्ग नसतो. अन्न टाकवत नाही म्हणून आम्ही ते सेवकमावशींना देतो, त्याही किती नेणार?

आणि दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात मूल अडवून विचारतं, "बाई, लाडू कसा झाला होता?" मग मला त्याच्या डोळ्यांत बघून खोटं बोलावं लागतं. ज्या मुलाला मी खरं बोलायला शिकवते त्याच्याशी. हे मला सहन होत नाही.

पत्र लिहू द्या त्यांना. एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं की तुम्ही कविता मोठ्याने वाचली की घरी जाऊन मीही तशीच वाचतो. ते पत्र माझ्या कपाटात आहे.

गुरुजी, धाराशिव

बाई, तुमचं शहरातलं म्हणणं बरोबर असेल. मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे. आमच्याकडं शिक्षक दिनाची वाट कुणी बघत नाही. थंडीत लेकरं हुरडा आणतात, हरभऱ्याचे ढाळे आणतात, खिशातनं बोरं आणि चिंचा काढून टेबलावर ठेवतात. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब दसऱ्यानंतर जातं ते पाडव्याच्या मागंपुढं परत येतं. असंच एक पोरगं कोल्हापूरकडनं आलं तेव्हा पाण्याच्या बाटलीत काकवी घेऊन आलं होतं. सहा महिन्यांचं शिकणं बुडालेलं, पण आल्याबरोबर पहिल्यांदा शाळेत आलं.

ती बाटली मी "नको" म्हणून परत करायची? त्याच्याकडं द्यायला दुसरं काय आहे? पत्र लिहायला सांगितलं तर ते रडंल, कारण लिहिताच येत नाही अजून.

आणखी एक. गुरुजी कुणाच्या घरचं खातात आणि कुणाच्या घरचं "राहू दे, नंतर खातो" म्हणून बाजूला ठेवतात, यावर अख्ख्या गावाची नजर असते. म्हणून मी आणलेलं तिथंच, सगळ्यांसमोर खातो. सगळ्यांच्या घरचं.

रानजाई

गुरुजी, तुम्ही खाता म्हणून तुम्हाला नमस्कार. पण तुमच्यासारखे सगळे नसतात, आणि माझा घरच्या खाऊला विरोध नेमका याच कारणासाठी आहे.

चौथीत असताना आईने दाण्याचे लाडू करून दिले होते. दाणे तिने पाट्यावर वाटले होते, आमच्याकडे मिक्सर नव्हता. बाईंनी वर्गात सगळ्यांचे डबे उघडले, चव घेतली, कौतुक केलं. माझा डबा घेतला आणि टेबलाखाली ठेवला. शाळा सुटताना तो तसाच, झाकण न उघडता, माझ्या हातात परत दिला. आमची वस्ती कुठली हे बाईंना माहीत होतं. घरी जाताना मी ते लाडू वाटेत खाऊन संपवले, आईला डबा भरलेला दिसू नये म्हणून.

मिक्सर आणि व्हाउचरला जात नसते, घरच्या अन्नाला असते. कुणाच्या हातचं खायचं हा प्रश्न या राज्यात अजून संपलेला नाही. म्हणून नियम सगळ्यांना एकच हवा: शाळेत शिक्षकांसाठी खाऊ आणायचाच नाही.

मृण्मयी, नाशिक

रानजाई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

पण बंदी घातली तर ज्या बाईंनी डबा टेबलाखाली ठेवला त्यांची सोय होईल. त्यांना कधी ठरवावंच लागणार नाही. शालेय पोषण आहारात मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची असा नियम आहे. म्हणजे शिक्षकाने मुलांच्या पानातलं खाणं हे शाळेच्या कामातच बसतं. मग विद्यार्थ्याच्या घरचं खायला नको का?

रानजाई

पोषण आहार कोण शिजवतं यावरूनही वाद झालेले आहेत, तेव्हा नियमाचं मला सांगू नका. शिक्षकाची परीक्षा घ्यायला माझ्या मुलाचा डबा कशाला वापरायचा? बाई बदलल्या तर चांगलंच, पण नाही बदलल्या तर त्याची किंमत नऊ वर्षांचं मूल मोजतं. मी ती मोजली आहे.

काटेकोर, पुणे

मी अन्नप्रक्रिया उद्योगात गुणवत्ता तपासणीचं काम करतो, त्यामुळे पदार्थांबद्दल बोलतो.

सप्टेंबर हा घरचा खाऊ देण्यासाठी फार अडचणीचा महिना आहे. हवेत दमटपणा असतो, चिवडा सादळतो, ओल्या नारळाच्या वड्या बाहेर ठेवल्या तर लवकर आंबूस होतात. खवा आणि पनीर घातलेलं काहीही सकाळी सातला दप्तरात जाऊन दुपारी स्टाफरूममध्ये पोहोचणार असेल तर मी ते खाणार नाही आणि तुम्हीही कुणाला देऊ नका. पाणी जितकं कमी तितका पदार्थ टिकतो. बेसन नीट भाजलं आणि दूध-पाण्याचा थेंब लागला नाही तर लाडू दोन आठवडे सहज राहतात. म्हणून मृण्मयीताईंची निवड योग्य आहे. शेंगदाणे मात्र निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे फेकून द्या, कारण बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्यावरही पूर्ण जात नाही.

आणि डबीवर चिठ्ठी चिकटवा: काय काय घातलं आहे, कधी केलं, कधीपर्यंत खावं. गहू, दूध, दाणे, काजू, तीळ, अंडं यांतलं काही असेल तर ते स्पष्ट लिहा. ठाण्याच्या बाईंची निम्मी अडचण या चिठ्ठीने सुटेल.

चार्ल्सकाठ, बॉस्टन

इकडचं सांगते. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी शाळेतल्या शिक्षकांना 50 डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची भेट घेता येत नाही. अख्ख्या वर्गाने मिळून, कुणी किती दिले ते न सांगता, वर्षाला 150 डॉलरपर्यंत देता येतं. मे महिन्यात शिक्षकांच्या आभाराचा आठवडा असतो तेव्हा याची पालकांना आठवण करून देतात.

ॲलर्जीचं इथे फार गांभीर्याने घेतात. 1 जानेवारी 2023 पासून पाकिटबंद पदार्थांवर ठळकपणे सांगायच्या ॲलर्जीकारक घटकांत तिळाचीही भर पडली, तो नववा घटक. संक्रांतीला तिळगुळाच्या वड्या दिल्या तेव्हा मी चिठ्ठीवर तीळ आणि शेंगदाणे सगळ्यात वर लिहिले. मुलाच्या बाईंनी आभार मानले आणि वर्गात न उघडता घरी नेल्या, कारण वर्गातल्या एका मुलीला दाण्यांची ॲलर्जी होती. त्यात कुणालाच वाईट वाटलं नाही. आधी सांगितलं की निभावतं, असा माझा अनुभव.

दोन मुलांची आई, चिंचवड

एवढी चर्चा झाली, पण हा खाऊ करणार कोण ते कुणीच बोललं नाही.

"मुलाचा हात लागलेला" म्हणजे प्रत्यक्षात आईची रात्र. मी सात वाजता कामावरून येते. दोन मुलं, प्रत्येकाला सहा-सात शिक्षक. बेसन भाजायला मी, भांडी घासायला मी, डब्या आणायला मी, सकाळी रिक्षात सांडू नये म्हणून पिशवी बांधायला मी. आणि एकदा का ही पद्धत पडली की ग्रुपवर फोटो येणार. कुणाचे मोदक साच्यातले, कुणाची डबी रिबिनीची. मग माझ्या मुलीला माझे साधे लाडू नेताना कानकोंडं होणार. वर्गणीचे 300 रुपये मला परवडतात. माझी झोप मला परवडत नाही.

मृण्मयी, नाशिक

ताई, तुमचं खरं आहे. आमच्या घरी बेसन नवरा भाजतो म्हणून मला ते ओझं वाटलं नसेल. म्हणून तर मूठभर म्हटलं. सगळ्या शिक्षकांना नाही, मुलाला ज्यांचे आभार मानावेसे वाटतात त्या एकाच शिक्षकांना. जे मुलाला स्वतःला करता येत नाही ते करायचंच नाही.

दोन मुलांची आई, चिंचवड

एकाच शिक्षकांना द्या म्हणता, पण आठवीतली मुलगी गणिताच्या सरांना वगळून इतिहासाच्या बाईंना देईल का? तिला भीती वाटेल. आणि ती भीती चुकीची आहे असं मी तिला सांगू शकत नाही.

फळा आणि डस्टर, ठाणे

या भीतीवर बोलायलाच हवं. भेट आणि गुण यांचा संबंध आम्ही मानत नाही असं आम्ही म्हणतो, पण मुलं आणि पालक मानतात, आणि त्यांच्याकडे तसं मानायला कारणं आहेत. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 28 प्रमाणे शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही, तरी ती कुठे कुठे चालते हे सगळ्यांना ठाऊक आहे. 5 सप्टेंबरला भेट आणि त्यानंतर महिन्याभरात सहामाही परीक्षा! लाडू असो की मिक्सर, ही वेळच मला पटत नाही. द्यायचंच असेल तर वर्ष संपल्यावर द्या, गुण देऊन झाल्यावर.

पितळी पळी, जळगाव

बाईंचा शेवटचा मुद्दा मला फार पटला. त्यातूनच एक सुचवते.

आपल्याकडे बहुतेक शाळांचा निकाल 1 मेला लागतो. त्याच्या आधीचा महिना म्हणजे गच्चीवर वाळवणाचा महिना. साबुदाण्याच्या पापड्या घाला. साबुदाणा रात्री भिजवायचा, सकाळी मीठ-जिरं घालून पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, हे मोठ्यांचं काम. जरा निवलं की प्लास्टिकच्या कागदावर चमच्याने एकेक पापडी घालायची. आमच्याकडे हे काम पूर्वीपासून मुलांचंच. आजी मागून सांगत असते, "पातळ पसरव, मध्ये जाड राहिली की फुलत नाही." दोन-तीन दिवस खडखडीत ऊन मिळालं की त्या कागद सोडतात, आणि त्या सोडवून गोळा करणं हा मुलांचा सगळ्यात आवडता भाग.

वाळवण तसंही उन्हाळ्यात होतंच, त्यामुळे चिंचवडच्या ताईंना वेगळी रात्र जागवावी लागणार नाही. गूळ-साखर नाही, दूध नाही, दाणे नाहीत. बाईंना त्याच दिवशी खायचं बंधन नाही, हवं तेव्हा तळतील, पाहुण्यांना देतील. उपासालाही चालतात. आणि गुणपत्रिका हातात पडल्यावर दिलेल्या पापड्यांचा गुणांशी काय संबंध?

काटेकोर, पुणे

अनुमोदन. पूर्ण वाळलेली पापडी हवाबंद डब्यात वर्षभर राहते. अर्धवट वाळलेली मात्र देऊ नका. मोडल्यावर कट्कन आवाज यायला हवा.

मृण्मयी, नाशिक

पितळी पळी, हे मी ग्रुपवर मांडणार आहे. 5 सप्टेंबरला पत्र किंवा काहीच नाही, आणि 1 मेला ज्यांना हवं त्यांनी घरचं वाळवण, चिठ्ठीसकट. वर्गणी नको, डबीला रिबीन नको, फोटो नकोत. रानजाईंच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

फळा आणि डस्टर, ठाणे

याला माझी हरकत नाही. एकच सांगते, वर्गात सगळ्यांसमोर देऊ नका. ज्या मुलाने काही आणलेलं नसतं ते त्या वेळी बाकाखाली काहीतरी शोधत बसतं. स्टाफरूमच्या दाराशी येऊन एकेकट्याने दिलं की पुरे.

रानजाई

नेमकं उलटं. दाराशी दिलेली पुडी पुढे कुठे जाते ते कोण बघणार? द्यायचंच ठरलं असेल तर सगळ्यांसमोर द्या, आणि शिक्षकांनी सगळ्यांची घ्यावी, उघडून बघावी, कुणाची ते मोठ्याने सांगावं.

गुरुजी, धाराशिव

मी रानजाईताईंच्या बाजूनं. आमच्या शाळेला स्टाफरूमच नाही, वर्ग दोन आणि एक व्हरांडा. ज्यानं काही आणलं नाही त्याला मी पापड्या वाटायला उभं करतो. निकालादिवशी पोषण आहाराच्या चुलीवर कढई ठेवता येईल, तेल मी माझ्या पैशानं आणीन. कुणाच्या घरच्या पापड्या कढईत कुठं गेल्या ते मग कुणालाच ओळखू येणार नाही.

रानजाई

गुरुजी, मिसळून तळू नका. आधी एकेकाची वेगळी तळा आणि त्या मुलाच्या देखत खा. नंतर मिसळा.