चोरीची सायकल निघाली, आता काय? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

बी-२०४, वहिनी: नमस्कार. मुलासाठी ऑनलाइन जाहिरात बघून जुनी गिअरची सायकल घेतली होती. ती चोरीची निघाली. काल कॉलेज रोडचं एक कुटुंब आलं, त्यांच्या बिलावर फ्रेम नंबर होता. पेडलच्या खालची माती खरवडून पाहिली, तोच नंबर. विकणाऱ्याचा फोन बंद. ९,००० रुपये गेले, वर दोन्ही टायर नवीन टाकलेत. पोलीस मुलाला त्रास देतील का, याचंच टेन्शन आहे.

सी-१०१, दादा: द्यायची नाही वहिनी. पैसे मोजलेत तुम्ही. त्यांनी निम्मे द्यावेत आणि न्यावी.

ए-३०२, वकील काका: दादा, असा सल्ला नको. स्वतःचीच वस्तू परत घ्यायला त्या लोकांनी पैसे का द्यायचे? १९३० च्या माल विक्री कायद्यात कलम २७ आहे. विकणाऱ्याकडे मालकीच नसेल, तर घेणाऱ्याला ती मिळत नाही. सायकल त्यांचीच.

पण वहिनींचेही पैसे बुडीत धरायचे नाहीत. कलम १४ प्रमाणे विकायचा हक्क आपल्याला आहे, अशी हमी विकणारा न बोलताही देतो. ती मोडली, की पूर्ण किंमत मागता येते. मधले महिने वापरली म्हणून घट धरायची नाही. इंग्लंडमध्ये १९२३ साली चोरीच्या मोटारीचा असाच निकाल लागला. घेणाऱ्याने ती चारेक महिने वापरली होती, तरी सगळी रक्कम परत मिळाली.

आणि मुलाची काळजी सोडा. माहीत नसताना घेणं हा गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं ते माल चोरीचा आहे हे ठाऊक असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेतलं वा ठेवून घेतलं तर. कालपासून तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून अडवून धरू नका.

डी-४०३, ताई: मग आजच त्यांच्या हातात देऊन मोकळं व्हायचं?

ए-३०२, वकील काका: परस्पर नको. पोलीस ठाण्यात जमा करा, पंचनाम्याची प्रत मागून घ्या. सोबत लेखी अर्ज, जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद. पैसे कुठल्या खात्यात गेले ते त्यातून निघतं, फोन बंद असला तरी. चोर सापडून शिक्षा झाली आणि अटकेच्या वेळी त्याच्याकडे रोकड मिळाली असेल, तर त्यातून तुमची किंमत देण्याचा आदेश कोर्ट करू शकतं. नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४९९. त्यासाठी अर्ज मात्र तुम्हीच करा, आपोआप काही होत नाही.

बी-२०४, वहिनी: आणि टायर?

ए-३०२, वकील काका: टायरच्या पैशांवर कायद्याने अडून बसता येणार नाही. पण त्यांना आता चांगल्या टायरची सायकल मिळतेय, तेवढे त्यांनी द्यावेत असं मला मनापासून वाटतं. विनंती करा. अट घालू नका.

ए-१०५, भाऊ: काका, आमच्याकडे दिंडोरीला व्यापारी चेक देऊन द्राक्षं नेतो, चेक वटत नाही, तोवर माल पुढे विकलेला. मग पुढच्यानेही परत द्यायचा का?

ए-३०२, वकील काका: नाही. तिथे शेतकऱ्याने स्वतः सौदा करून माल दिलेला असतो. फसवून केलेला असला, तरी तो सौदा मोडण्याआधी कुणी चांगल्या बुद्धीने माल घेतला, तर तो त्याचा होतो. त्याच माल विक्री कायद्याचं कलम २९. शेतकऱ्याने व्यापाऱ्याच्या मागे लागायचं.

ए-१०५, भाऊ: म्हणजे वर्षभर बाग सांभाळणाराच मरणार. हा न्याय नाही काका.

ए-३०२, वकील काका: मलाही पटत नाही भाऊ. म्हणूनच सांगतो, पैसे खात्यात आल्याशिवाय गाडी भरू देऊ नका.

बी-२०४, वहिनी: त्या कुटुंबाशी आत्ताच बोलले. टायरचे निम्मे देतो म्हणाले. चार वाजता पोलीस ठाण्यात भेटायचं ठरलंय. काका, तुम्ही याल का?

ए-३०२, वकील काका: येतो. निघण्याआधी फ्रेम नंबरचा स्पष्ट फोटो काढून ठेवा.

सी-१०१, दादा: टेम्पो माझा घ्या वहिनी, मीपण येतो.