पाड्यातली तरुण कार्यकर्ती सभेत बोलती कशी होईल?

प्रश्न (अक्कलकुवा): आमच्या गटातल्या मुली घरोघरी उत्तम काम करतात, परंतु ग्रामसभेत पुढारी बोलू लागले की त्या मागे बसून राहतात. त्यांना नेतृत्वासाठी कसे तयार करावे?

उत्तर (साक्री): साक्री तालुक्यातल्या बारीपाडा या आदिवासी गावाला त्यांना अवश्य न्या. तिथल्या जंगलराखणीचे नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली. पण पाहण्यासारखे आहे ते जंगल राखण्याचे नियम गावाने स्वतः ठरवून पाळणे. भाषणांच्या शिबिरापेक्षा हे कितीतरी मोलाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर (शहादा): सभेआधी त्यांच्यासोबत बसा, मात्र काय बोलायचे ते सांगू नका, ‘हातपंप बंद पडल्यावर पाणी कोण आणते, किती लांबून?’ असे विचारत राहा, म्हणजे मुद्दा त्यांचाच राहील आणि तो आपल्या भिलोरी-पावरी बोलीत मांडायलाही त्या कचरणार नाहीत. सभेत तुम्ही मागे बसा.

उत्तर (धडगाव): आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याने, 1996 पासून, पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. सुरुवात तिथून करा, ताई. ओळखीच्या माणसांत आवाज लवकर फुटतो.